तुम्ही विचारलंत म्हणून : बिडी तर पानाची, तिनं काय होणार?

गोंदियाकडच्या आमच्या गावात कुणाच्या हातात बिडी दिसली की मी टोकतो, आणि दरवेळी तोच प्रश्न येतो. "का गा, सिगारेट वाईट, मान्य. पण बिडी तं झाडाच्या पानाची, आपल्याच जंगलातली. तिनं का होते?"

या प्रश्नाचा मला राग येत नाही. एप्रिल-मेमध्ये पहाटे जंगलात जायचं, तेंदूपत्ता तोडायचा, दुपारभर घरातल्या सगळ्यांनी पुडे बांधायचे आणि त्या पैशांतून बियाणं आणायचं, असाच मी वाढलो. घरात पैसा आणणारं पान जीव घेईल, हे मनाला पटत नाही.

पण घोळ त्या पानातच आहे. सिगारेटच्या कागदातून हवा आत शिरते, तेंदूच्या पानातून फारशी शिरत नाही. म्हणून बिडी नुसती हातात धरली की विझते. ती पेटती ठेवायला माणूस घडीघडी ओढतो, गाल आत जाईस्तोवर ओढतो. तिच्यात तंबाखू सिगारेटपेक्षा बरीच कमी, तरी धूर मोजला तेव्हा निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड जास्तच निघालं. यातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट चिकटतो. मग चढावर सायकल ढकलताना धाप लागते, आणि आपण म्हणतो, वय झालं.

माझ्या मोठ्या बाबांचं, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचं, वय झालं नव्हतं, चाळिशीच होती. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून चालताना पोटरी दुखायची, थांबलं की बरं वाटायचं. चिखलात उभं राहून होतं, असं सगळेच म्हणाले. पुढं ते रात्री पाय खाटेवरून खाली लोंबता ठेवून झोपू लागले, तेवढाच ठणका कमी. अंगठ्याला ठेच लागली, ती भरलीच नाही. मोठी आई रोज हळद लावायची. अंगठा आधी जांभळा झाला, मग काळा. नागपूरला नेलं, तर साखर बरोबर निघाली. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "बिड्या किती?" दिवसाला दोन कट्टे, म्हणजे दोन बंडलं.

बर्गर रोग. हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजतात, गुठळ्यांनी बुजतात. तंबाखू न घेणाऱ्याला हा आजार जवळपास होतच नाही, आणि ती पूर्ण सुटल्याशिवाय थांबत नाही. अंगठा कापला, तरी मोठ्या बाबांनी दवाखान्याच्या मागं जाऊन बिडी पेटवली. वर्षभरात पाय घोट्यावरून गेला. त्यांना मी दोष देणार नाही. निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, माणसाचा निश्चय तिथं एकटा पडतो.

फुफ्फुस, घसा आणि तोंडाचा कॅन्सर, हार्ट अटॅक, लकवा, जुनाट दम, टीबी, या सगळ्यांचा धोका याच धुरानं वाढतो. मांडीवरच्या नातवाच्या छातीतही तोच धूर जातो.

सोडायची असेल तर 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक फुकट आहे. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो.

मोठ्या बाबांनी पाय गेल्यावर सोडली. दुसऱ्या पायालाही जखम झाली होती, ती तीन महिन्यांत भरली. त्या पायावर भार देऊन, काठी टेकत, ते आजही सकाळी गोठ्यात जातात आणि गाईला कुटार टाकतात.