आमची वाटचाल : पाइप वाकवणं सुटलं, डाय राहिली

वडिलांनी भोसरीत भाड्याच्या गाळ्यात एक लेथ आणि पाइप वाकवायचा एक हायड्रॉलिक बेंडर टाकला. कामं साधी होती : जिन्याचं रेलिंग, दवाखान्यातल्या खाटा, शाळेच्या बाकांचे सांगाडे. जाड पाइप, मोठा घेर. वळण थोडं चपटं झालं तरी कोणी व्हर्निअर लावून बघत नसे.

सायलेन्सरचे पाइप आले आणि चित्र पालटलं. बाहेरचा व्यास 38.1 मिमी, पत्र्याची जाडी 1.2, आणि वळणाची मध्यरेषेवरची त्रिज्या 57, म्हणजे व्यासाच्या जेमतेम दीडपट. पाइप वाकताना बाहेरची बाजू ताणली जाऊन पातळ होते, आतली दाबली जाते. पोटात आधार नसेल तर बाहेरची बाजू खाली बसते आणि आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. जुने लोक पाइपात वाळू ठासायचे. रोज ढिगाने नग काढायचे असतील तर ते कसं परवडणार? मग साच्यांचा, म्हणजे डायचा, पूर्ण सेटच हवा. पाइप जिच्याभोवती गुंडाळला जातो ती बेंड डाय, तिच्यावर त्याला आवळून धरणारा क्लॅम्प, पाइपासोबत पुढे सरकत दाब देणारी प्रेशर डाय, पोटात आधार देणारा दांडा म्हणजे मँड्रेल, आणि सुरकुती जिथे उठते तिथे बसणारा पातळ धारेचा वायपर.

विकतचा सेट महाग पडे, वर हातात कधी येईल याचा भरवसा नसे. म्हणून वडील स्वतःच मँड्रेल टर्न करू लागले. शेजारच्या गाळ्यांतून मागणी आली, आणि बघता बघता पाइप वाकवून देण्याचं आमचं जॉबवर्क मागे पडलं. बेंडर मात्र विकला नाही. ट्रायल घेतल्याशिवाय सेट बाहेर जात नाही.

वर सांगितलेल्या पाइपाचा आतला व्यास 35.7, तर मँड्रेल साधारण 35.5 चा. त्याचं टोक वळण सुरू होतं त्या रेषेच्या किंचित पुढे हवं. फार पुढे गेलं की बाहेरून टेंगूळ दिसतं, मागे राहिलं की पाइप चपटा होतो. माइल्ड स्टीलला हार्डक्रोम (क्रोमियमचा कडक मुलामा) केलेला पोलादी मँड्रेल उत्तम. स्टेनलेस मात्र त्याला चिकटतं, आतून ओरखडे येतात. तिथे अॅल्युमिनियम ब्राँझच लागतं. एप्रिल 2020 मध्ये गाड्यांच्या धुरासाठीचं बीएस-6 मानक आलं, त्या सुमारास आमच्याकडे 409 ग्रेडच्या स्टेनलेस पाइपाची कामं वाढली आणि ब्राँझचे बार कायमचे स्टॉकमध्ये आले.

सगळ्यात जास्त फोन येतात ते वायपरसाठी. धार झिजते, सुरकुत्या दिसू लागतात, आणि ऑपरेटर काय करतो? प्रेशर डाय आवळतो. त्या दिवशीचं भागतं, पण ओढ वाढून बाहेरची बाजू आणखी पातळ होते, कधी फाटतेही. वायपर झिजणारच, तो झिजण्यासाठीच असतो. एक जादा ठेवा, असं आम्ही ऑर्डर घेतानाच सांगतो. (यात आमचा धंदाही आहे, नाकारत नाही.)

क्लॅम्पला पाइपाच्या व्यासाच्या दुपटी-तिपटीएवढा सरळ भाग मिळाला तर पकड सुटत नाही. हल्लीच्या ड्रॉइंगमध्ये दोन वळणांत तेवढी जागाच नसते. मग आधीच्या वळणाचा आकार क्लॅम्पमध्येच कोरावा लागतो. व्हीएमसी (संगणकावर चालणारं कोरीव कामाचं मशीन) घेतलं ते मुख्यतः यासाठी. कोटेशन मागताना म्हणूनच व्यास, जाडी, त्रिज्या, ग्रेड आणि मशीनचं मॉडेल यांच्यासोबत दोन वळणांमधलं अंतरही कळवा.