चंद्राचा फुटका ओठ

पौर्णिमेच्या रात्री गच्चीवरचे कपडे काढायला गेले की मान आपोआप वर जाते. लहानपणी आजी तिथला ससा दाखवायची. मला तो कधीच धड दिसला नाही. 'दिसला' म्हटल्याशिवाय सुटका नव्हती म्हणून म्हणायचे. मग मासाईंची एक कथा वाचनात आली आणि ससा पळालाच. आता मला तिथे फुटलेला ओठ दिसतो. आणि एक गेलेला डोळा.

मासाई म्हणजे केनिया-टांझानियाच्या माळरानांवर गुरं राखणारे लोक. ते सांगतात, सूर्यानं चंद्राशी लग्न केलं. एक दिवस दोघांची जुंपली. चंद्रानं सूर्याच्या डोक्यात हाणलं, सूर्यानंही हात चालवला. मग सूर्याला लाज वाटली, हे सुजलेलं तोंड माणसांना दाखवायचं कसं? म्हणून तो असा तळपायला लागला की डोळे किलकिले केल्याशिवाय कुणाला बघता येईना. चंद्राला कसली लाज! फुटक्या तोंडानं खुशाल सगळ्यांसमोर.

चांदोमामा बायको झालेला पचवायला मला जरा वेळ लागला. गंमत म्हणजे त्यांच्या माआ भाषेत सूर्याचा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि चंद्राचा पुल्लिंगी, ए. सी. हॉलिस या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १९०५ साली छापलेल्या इंग्रजी अनुवादात मात्र सूर्य नवरा. घरातली भांडणं बाहेर गेली की असंच होतं.

मला जास्त आवडतं ते पुढचं. दोघं एकाच वाटेनं चालतात, चंद्र पुढे. चालून चालून ती दमते, तेव्हा सूर्य तिला उचलून घेतो. दोन दिवस वाहून नेतो, तिसऱ्या दिवशी मावळतीला सोडतो. चौथ्या दिवशी ती फक्त गाढवांना दिसते, ती तिच्याकडे बघून ओरडतात. माणसांना आणि गुरांना पाचव्या दिवशी. वद्य पक्ष सरताना पहाटे पाहावं: कोर खरंच सूर्याच्या पुढे असते, रोज थोडी जवळ, मग गायब, आणि नंतर थेट पश्चिमेला. आपल्या अमावास्येतही 'अमा' म्हणजे एकत्र. पण उचलून घेणं नाही, आणि गाढवं तर नाहीतच.

एक कथा मात्र जिवाला लागते. लेइयो नावाच्या माणसाला बजावलं होतं, मूल गेलं की म्हणायचं, 'माणसा, मर आणि परत ये. चंद्रा, मर आणि तिकडेच राहा.' पहिलं गेलेलं मूल त्याचं नव्हतं. त्यानं उलटं म्हटलं. मग त्याचं स्वतःचं गेलं, तेव्हा बरोबर म्हणाला. पण उशीर झाला होता.

परवा प्रतिपदेला कोर शोधत कठड्याशी उभी होते. समोरच्या इमारतीच्या टाकीमागे केशरी पट्टा, दोन वटवाघळं, बाकी काही नाही. काल दिसली, नखाएवढी. खाली गल्लीत एक कुत्रं भुंकत होतं.