फायनल साडेदहाला संपते, मेट्रो बाराला बंद होते

दुबईत मॅच बघायला निघालेल्या माणसाला जो तो एकच सांगतो : "दुबई आहे बाबा, मेट्रोने कुठेही जाता येतं." कुठेही जाता येतं, फक्त क्रिकेट स्टेडियमला जाता येत नाही. दुबई इंटरनॅशनल क्रिकेट स्टेडियम आहे स्पोर्ट्स सिटीत, शेख मोहम्मद बिन झायेद रोडच्या अंगाला, आणि तिथून पायी गाठता येईल असं एकही मेट्रो स्थानक नाही. रेड लाइनवरचं सोयीचं स्थानक म्हणजे मॉल ऑफ द एमिरेट्स. तिथून पुढचे बाराएक किलोमीटर टॅक्सी किंवा बस. जाताना हे फारसं खुपत नाही, कारण लोक तीन तास मागेपुढे येतात. परतताना मात्र पंचवीस हजार माणसं एकाच वेळी रस्त्यावर उतरतात.

हा वृत्तांत २८ सप्टेंबर २०२५ च्या आशिया कप फायनलचा. भारत-पाकिस्तान, या स्पर्धेच्या इतिहासात पहिल्यांदाच फायनलला समोरासमोर, आणि त्याच महिन्यात १४ आणि २१ तारखेला झालेल्या दोन सामन्यांनंतर तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा रविवार. रविवार हा मुद्दा लक्षात ठेवा. दुबई मेट्रो रविवारी सकाळी ८ ला सुरू होते आणि रात्री १२ ला बंद. शुक्रवारी १ पर्यंत चालते, रविवारी नाही. एखाद्या सामन्यासाठी वेळ वाढवलीच, तर ती आरटीएच्या (दुबईच्या वाहतूक खात्याच्या) अ‍ॅपवर दिसते. त्याच दिवशी तिथेच बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या निरोपावर जाऊ नका.

आता हिशेब मांडा. स्थानिक वेळेनुसार टॉस ६ ला, पहिला चेंडू ६:३० ला, सामना संपला साडेदहाच्या सुमारास. स्टेडियमच्या बाहेर पडायला वीस-पंचवीस मिनिटं, टॅक्सी मिळायला कितीही, मॉल ऑफ द एमिरेट्सपर्यंत एरवी पंधरा मिनिटं आणि त्या रात्री त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे शेवटचा चेंडू पडताक्षणी उठणाऱ्यालाच मेट्रोची आशा. बक्षीस समारंभासाठी थांबलेल्यांची मेट्रो तिथेच गेली. समारंभ तासाभराहून जास्त लांबला, आणि शेवटी भारतीय संघाने आशियाई क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष मोहसिन नक्वी यांच्या हातून ट्रॉफी स्वीकारलीच नाही. तिलक, कुलदीप, अभिषेक यांनी आपापली वैयक्तिक बक्षिसं तेवढी घेतली. करंडक उंचावताना बघायचा म्हणून बसलेल्यांना करंडकही नाही आणि मेट्रोही नाही. पुढच्यांसाठी निकाल सरळ आहे : दोघांपैकी एक निवडा. समारंभ हवा असेल तर मेट्रो विसरा आणि टॅक्सीचे पैसे बाजूला काढून ठेवा.

टॅक्सीचं गणित नीट समजून घ्या, कारण लुटालूट इथेच होते. सरकारी टॅक्सी मीटरवर चालते. रस्त्यात हात करून थांबवली तर मीटर ५ दिरहमपासून सुरू होतो, किमान भाडं १२-१३ दिरहमच्या आसपास. विमानतळावरून बसलात तर सुरुवातच २५ पासून. वाटेत सालिकचा टोलनाका लागला तर तो वेगळा. या हिशेबाने स्टेडियम ते मॉल ऑफ द एमिरेट्स ३० ते ४० दिरहम, आणि थेट बर दुबई किंवा करामा गाठायचं तर ७० ते ८०. एक दिरहम म्हणजे तेव्हा साधारण २४ रुपये. मॅच सुटल्यावर गेटासमोर जे लोक हळू आवाजात "टॅक्सी, टॅक्सी" म्हणत फिरतात, ते खासगी गाडीवाले. ठोक दीडशे-दोनशे सांगतात, माणशी की गाडीचे हे मुद्दाम मोघम ठेवतात, आणि उतरताना "पर हेड" निघतं. परवाना नसलेली गाडी, अपघात झाला तर विमा नाही, पोलिसांनी अडवलं तर तुमचा खोळंबा वेगळाच. बसू नका. दारावर टॅक्सीचा रंग आणि क्रमांक नसेल, आत मीटर नसेल, तर कितीही पाय दुखत असोत, बसू नका.

अ‍ॅपवरून गाडी मागवायची तर करीममधली 'हाला' ही सरकारी टॅक्सीच येते. पण गेटासमोर उभं राहून मागवू नका. तिथे पोलीस रस्ते वळवतात, चालक तुमच्यापर्यंत पोहोचू शकत नाही, पाच मिनिटं थांबून फेरी रद्द करतो आणि तुम्ही पुन्हा रांगेच्या शेपटाला. वर त्या वेळी दर चढलेले. उपाय एकच, स्टेडियमकडे पाठ करून स्पोर्ट्स सिटीच्या राहत्या इमारतींकडे चालत सुटा. दीड-दोन किलोमीटर आत, जिथे किराणा दुकानं आणि कॅफेटेरिया आहेत, तिथे गाड्या मोकळ्या फिरतात. एखाद्या ठळक दुकानाचं नाव पिकअप म्हणून टाका, नुसती लोकेशनची सुई टाकू नका. चालताना हायवे ओलांडायचा मोह आवरा. पलीकडे रिकाम्या टॅक्सी पळताना दिसतात, पण चुकीच्या जागी रस्ता ओलांडण्याचा साधा दंडच ४०० दिरहम आहे, आणि ८० किंवा त्याहून अधिक वेगमर्यादेच्या रस्त्यांसाठी २०२५ च्या नव्या कायद्यात शिक्षा याहून कितीतरी कडक. तिथल्या गाड्यांचा वेग बघितलात तर कायद्याची आठवण करून द्यावी लागणार नाही.

सप्टेंबर संपत आला तरी दुपारी पारा ३८-३९ ला असतो आणि रात्री अकरालाही तिशीच्या वर, त्यात दमट. मुंबईच्या ऑक्टोबर हीटला सरावलेला माणूसही या दोन किलोमीटरांत भिजतो. चपला, सँडल नकोत, वापरून मऊ झालेले बूटच घाला.

मोबाइलच्या बॅटरीचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे आणि तो फार लोकांना अडकवतो. स्टेडियममध्ये पॉवर बँक नेता येत नाही. तिकीट फोनवर, टॅक्सी फोनवर, नकाशा फोनवर, आणि तीन तास आधी आत शिरून लोक व्हिडिओ काढत बसतात. साडेदहाला फोन ९ टक्क्यांवर. दोघं-चौघं असाल तर एक फोन टॉस झाल्यावर बंद करून ठेवा, तो फक्त परतीसाठी. आणखी एक : यूएईत व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागत नाहीत, मेसेज जातात. गर्दीत चुकामूक झाली की भारतातल्या सवयीने हिरवं बटण दाबत राहणारे बरेच दिसतात. स्थानिक सिम घ्या, किंवा आधीच ठरवा की अमुक दुकानापाशी भेटायचं. पंचवीस हजार फोन एकाच टॉवरवर आल्यावर मेसेजही उशिरा पोहोचतात.

पॉवर बँकेशिवाय सेल्फी स्टिक, ट्रायपॉड, मोठी छत्री, काचेची कोणतीही वस्तू, लेझर, बाहेरचं खाणं-पिणं हे सगळं गेटावर अडतं. झेंडे आणि बॅनर आयोजकांनी मान्य केले असतील तरच. म्हणजे घरून दांड्याला लावून आणलेला तिरंगा आत जाईलच असं नाही. अंगावर टी-शर्ट घाला, गालावर रंगवा, ते चालतं. जप्त झालेली वस्तू परत मिळवायला उलट गर्दीतून यावं लागतं, तेव्हा ती गेली असंच धरा. एकदा आत गेल्यावर बाहेर येऊन पुन्हा जाता येत नाही. बाहेरचं खाणं बंद आणि नवरात्राचे दिवस, त्यामुळे उपवास करणाऱ्यांनी दुपारी साडेतीनच्या आत पोटभर खाऊन घ्यावं. आत उपवासाचं काही मिळत नाही, पाणी आणि कोल्ड्रिंकवर रात्र काढावी लागते.

तिथे शिस्तीचे दंड मोठे आहेत, आणि पोलिसांनी ते स्पर्धेआधीच जाहीर केले होते. मैदानात घुसणं किंवा फटाके आणणं : ५ ते ३० हजार दिरहम. वस्तू फेकणं, शिवीगाळ, वांशिक शेरेबाजी : १० ते ३० हजार. दोन्हींत शिवाय तुरुंगही. भारत-पाकिस्तानचे पाठीराखे एकाच स्टँडमध्ये खुर्चीला खुर्ची लावून बसतात, वेगळे कप्पे नसतात. घोषणा द्या, नाचा, पण शेजाऱ्याच्या पडलेल्या चेहऱ्याचा व्हिडिओ काढून टाकू नका. परवानगीशिवाय कुणाचं चित्रण हा तिथे गुन्हा आहे. मराठीत दिलेली शिवी कुणाला कळणार नाही, या भ्रमात राहू नका. दुबईत मराठी कळणारे पावलोपावली आहेत.

तिकिटांचं तर बोलायलाच नको. सुरुवातीला भारत-पाकिस्तान सामन्याचं तिकीट सुटं मिळतच नव्हतं. सात सामन्यांचं पॅकेज, १,४०० दिरहमपासून पुढे, म्हणजे साधारण ३३-३४ हजार रुपये. घाबरून ज्यांनी ते घेतलं त्यांनी नको असलेल्या सामन्यांचेही पैसे भरले, आणि नंतर सुटी तिकिटं निघाली. तेव्हा पहिल्या दिवशी पॅकेज घेऊ नका, सुट्या विक्रीची वाट बघा. फायनलसाठी मात्र उलटा नियम : कोण पोहोचणार हे ठरायच्या आधीच तिकीट घ्या. भारत-पाकिस्तान ठरल्यावर उरलेली तिकिटं बघता बघता जातात. दुसऱ्याकडून पीडीएफ विकत घेण्याचा धंदा जोरात चालतो. एकच पीडीएफ पाच जणांना विकली जाते. जो आधी स्कॅन करतो तो आत, बाकीचे चौघे बाहेर मोठ्या पडद्याच्या शोधात. अधिकृत अ‍ॅपमधून नावावर हस्तांतर होत असेल तरच पैसे द्या.

आत बसल्यावर उठायचं कधी, हाही अभ्यासाचा विषय. पाकिस्तान १३ व्या षटकात १ बाद ११३ होता. आता दोनशे होणार असं म्हणून बरेच भारतीय पाठीराखे खाण्याच्या रांगेत गेले. तिथून ३३ धावांत नऊ विकेट पडल्या, १४६ सर्वबाद, आणि कुलदीपने एकट्या १७ व्या षटकात तीन घेतल्या. हातात बर्गर घेऊन जिन्यावरून नुसता आरडाओरडा ऐकला त्यांनी. डाव संपल्यावरची रांग तर त्याहून लांब, कारण वेळ पंधरा-वीस मिनिटांचा आणि माणसं सगळीच. टॉसच्या आधी खा, पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन बसा, आणि उठायचंच असेल तर पॉवरप्ले संपल्यावर सातव्या-आठव्या षटकात उठा. पाठलाग करताना तेही नको. भारत चौथ्या षटकात ३ बाद २० होता. त्यानंतर संजू, मग दुबेबरोबर तिलकची भागीदारी, १९ व्या षटकाच्या शेवटच्या चेंडूवर दुबे बाद, शेवटच्या षटकात १० हव्या आणि हॅरिस रौफच्या हाती चेंडू. तिलकचा षटकार, मग रिंकूने खेळलेल्या एकमेव चेंडूवर चौकार. असा सामना बघायला मिळणार असेल तर वर लिहिलेले सगळे हाल पत्करावेत, तिकीट दुप्पट पडलं तरी घ्यावं. हे आनंदाच्या भरात लिहिलंय हे मान्य, पण मागे घेणार नाही.

राहायचं कुठे? बहुतेक मराठी मंडळी करामा किंवा बर दुबईला उतरतात, खाण्यापिण्याची सोय म्हणून. जेवणाला उत्तम, मॅचला वाईट. मॅचच्या रात्रीपुरतं तरी अल बर्शाला राहा, मॉल ऑफ द एमिरेट्सच्या पायी अंतरात. मेट्रो चुकली तरी टॅक्सी ४० दिरहमच्या आत घरी आणते. बुकिंगवर दिसणारं भाडं अंतिम नसतं. हॉटेलात पोहोचल्यावर 'टुरिझम दिरहम' नावाचा कर दर खोलीमागे, दर रात्रीमागे ७ ते २० दिरहम वेगळा घेतात, दर्जाप्रमाणे. ही लूट नव्हे, कायदेशीर आहे, भांडू नका. डिपॉझिट मात्र कार्डावर किती अडकवलं आणि कधी सुटणार, हे लिहून घ्या. कार्डाच्या मशीनवर रुपये की दिरहम असं विचारलं तर नेहमी दिरहम. रुपये निवडलेत की वाईट दर लागतो.

बुर्ज खलिफा, क्रीक, मीना बाजार, सगळं छान आहे, त्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

निघताना बॅगेत खसखस नको. यूएईत तिच्यावर बंदी आहे, आणि नातेवाइकांसाठी नेलेल्या अनारशांवर ती असतेच. पान, गुटखाही घरीच ठेवा.

शेवटचं, परतीच्या विमानाचं. "मॅच संपली की थेट विमानतळ" हा बेत कागदावर पैसे वाचवतो, कारण पहाटेची तिकिटं स्वस्त असतात. स्टेडियम ते विमानतळ तिसाहून जास्त किलोमीटर, आणि गर्दीतून टॅक्सी मिळायची वेळ कुणाच्या हातात नाही. पहाटे चारच्या आधीचं विमान घेऊच नका, सुपर ओव्हर झाली तर पळापळ होईल. एअर इंडिया एक्सप्रेसचं असेल तर बहुधा टर्मिनल २ ला जायचं असतं. ते धावपट्टीच्या पलीकडच्या अंगाला आहे आणि तिथे मेट्रो मुळात जातच नाही. मेट्रो टर्मिनल १ आणि ३ लाच आहे. टॅक्सीवाल्याला बसतानाच टर्मिनलचा नंबर सांगा, नुसतं "एअरपोर्ट" म्हणालात तर तो ३ ला नेऊन सोडेल.