बेल्ट कंबरेचा नाही, पोटाचा

लालबागच्या आमच्या व्यायामशाळेत नवं पोर आलं की तिसऱ्या आठवड्यात विचारणारच, "ताई, वजन उचलताना बांधायचा बेल्ट कोणता घेऊ?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सगळं सांगते.

माझा पहिला बेल्ट साफ चुकला. मागे रुंद, पुढे निमुळता, आत फोम. दुकानदार म्हणाला, कंबर सांभाळेल. मलाही तेच वाटायचं. वर्षभर तो बांधून स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन बैठका मारल्या, फरक शून्य. बेल्ट कंबर धरत नसतोच मुळी. पोटात खोल श्वास भरायचा, पोट चहूबाजूंनी फुगवायचं आणि आतून बेल्टवर रेटायचं. त्याने पोटातला दाब वाढतो आणि कण्याला टेकू मिळतो. बेल्ट म्हणजे रेटायला दिलेली भिंत. ती पुढूनच चिंचोळी असेल तर पोटाने रेटायचं कशावर?

म्हणून सगळीकडे सारख्या रुंदीचा घ्या. पॉवरलिफ्टिंग या जड वजन उचलण्याच्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत जास्तीत जास्त रुंदी १० सेंटिमीटर, जाडी १३ मिलिमीटर. त्यापेक्षा कमी चालतं! १३ मिलिमीटरचा कोरा बेल्ट म्हणजे फळी. महिनाभर बरगड्यांवर वळ मिरवावे लागतात. बहुतेकांना १० मिलिमीटर भरपूर होतो. आणि माझ्यासारख्या बुटक्या बायांनी रुंदीही जपून घ्यावी. माझी बरगडी आणि कमरेचं हाड यांत जेमतेम चार बोटं जागा. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचं वजन उचलायला वाकले की १० सेंटिमीटरचा बेल्ट वरखाली दोन्हीकडे चिमटे काढायचा. आता डेडलिफ्टला साडेसात सेंटिमीटरचा वापरते.

माप देताना पँटचा नंबर सांगू नका. बेंबीवरून टेप फिरवा. माझी जीन्स ३० ची, बेंबीशी ३३ भरते.

बकल? खटक्याचा (लिव्हरचा) बेल्ट एका झटक्यात लागतो, सुटतो, पण माप बदलायचं तर स्क्रू ड्रायव्हर शोधा. गणपतीचे दहा दिवस मोदक हाणल्यावर लालबागकरांना हे परवडत नाही. मी पँटच्या पट्ट्यासारखा एका काट्याचा वापरते. दोन काट्यांचा घेऊ नका, घामेजल्या हातांनी दोन्ही भोकं एकदम सापडत नाहीत. वेल्क्रोचा हलका आणि लवचीक, क्लीनसारख्या, म्हणजे वजन झटक्यात खांद्यापर्यंत घ्यायच्या चपळ प्रकारांना बरा. जड स्क्वॉटला पोट जोरात रेटलं की मध्येच चर्र करून सुटू शकतो.

चामड्याचा घेतलात तर पावसाळा लक्षात ठेवा. जुलैत एकदा घामट बेल्ट तसाच बॅगेत कोंबून विसरले. चार दिवसांनी काढला तर हिरवी बुरशी! तेव्हापासून घरी आल्याबरोबर कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली टांगते. सासूबाई नाक मुरडतात, मुरडोत.

घाई मात्र नको. आधी बेल्टशिवाय श्वास भरायला शिका. दोन्ही कुशींत बोटं रुतवा. पोटाने ती बाहेर ढकलता आली पाहिजेत. ब्लड प्रेशर किंवा हर्निया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण श्वास कोंडून वजन उचलताना रक्तदाब खूप चढतो.

माझा १० सेंटिमीटरचा बेल्ट व्यायामशाळेतच खुंटीला असतो. दोन दिवस बांधून बघा, मग पैसे काढा.