सात नंबरचा रस्ता आणि मी

ऑक्टोबरात न्यू इंग्लंडला जायचं ते झाडांची पानं बघायला, हा अमेरिकेतल्या मराठी घरांचा आता कुळाचारच झाला आहे. आमच्या लेकीनंही तोच बेत आखला होता. तिचं घर कनेटिकटमध्ये, नॉर्वॉकजवळ. नॉर्वॉकलाच यूएस रूट ७ सुरू होतो आणि मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट अशी राज्यं ओलांडत कॅनडाच्या सीमेजवळ जाऊन संपतो. सुमारे ३०० मैल, म्हणजे आपले पाचशेच्या आसपास किलोमीटर. जावयानं नकाशावर डोंगर, धबधबे, जुने छपराचे लाकडी पूल दाखवले. मी लगेच हो म्हणालो. माझं कारण वेगळंच होतं.

माझी सगळी नोकरी मंडळात गेली. आधी एमएसईबी, मग २००५ साली मंडळाचे तुकडे झाले तेव्हा वाट्याला महापारेषण, म्हणजे वीज वाहून नेणारी कंपनी, आली. त्यामुळे कुठंही गेलो तरी माझी नजर आधी तारांवर जाते. ही म्हणते, "तुम्हाला ताजमहाल दाखवायला नेलं तर आधी मीटर कुठाय ते शोधाल." तर सांगायचं असं, की सात नंबरचा रस्ता पानांसाठी प्रसिद्ध असेल, पण माझ्या लेखी तो विजेचा रस्ता आहे. ट्रान्सफॉर्मरच्या धंद्यातल्या माणसानं एकदा तरी तिकडून जावं.

नॉर्वॉकला सुरुवात मोठ्या थाटात होते. चांगला रुंद, सिग्नल नसलेला महामार्ग. आणि काही मैलांतच तो एका सिग्नलपाशी येऊन चक्क संपतो. पुढं दोन पदरी गावरस्ता. हा महामार्ग डॅनबरीपर्यंत न्यायचा बेत होता, त्याला 'सुपर सेव्हन' म्हणायचे. विल्टन, रिजफिल्डच्या लोकांनी तो दशकानुदशकं अडवून धरला. वर ब्रुकफिल्डला बाह्यवळण झालं, तेही २००९ साली. भूसंपादन, हरकती, कोर्ट, हे सगळं फक्त आपल्याकडेच होतं असं समजणाऱ्यांनी विल्टनच्या सिग्नलला अर्धा तास उभं राहून बघावं.

मला ती रखडपट्टी पथ्यावर पडली, कारण खांब नीट बघायला मिळाले. लाकडी खांब! अमेरिकेत अजून लाकडी खांब, हे आमच्या जुन्या वायरमन मंडळींना सांगितलं तर खोटं वाटेल. दर दोन-चार घरांमागं खांबावर एक राखाडी डबा टांगलेला. तोच ट्रान्सफॉर्मर, सिंगल फेजचा. डब्यावर मोठ्या आकड्यांत २५ किंवा ५० लिहिलेलं असतं, ते त्याचे केव्हीए, म्हणजे त्याची क्षमता. वर एकच बुशिंग, म्हणजे तार आत घेणारा चिनीमातीचा दांडा, शेजारी डीओ फ्यूज आणि आकाशातली वीज जमिनीत सोडणारा अरेस्टर. बुशिंगवर प्लॅस्टिकची टोपी घातलेली. ती कशाला, हे जावयाला माहीत नव्हतं. खारींसाठी! खार एक पाय डब्यावर आणि दुसरा तारेवर ठेवते आणि अख्ख्या गल्लीची वीज घेऊन जाते. आपल्याकडे हेच काम साप, माकडं आणि वटवाघळं करतात.

आपली डीपी म्हणजे दोन खांबांवर बसवलेला शंभर केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, आणि त्याच्यावर अर्धं गाव किंवा पंधरा-वीस शेतीपंप. तो जळला की सगळ्यांचंच पाणी बंद. इथं जळला तर चार घरं अंधारात. महावितरणनं २०१८ मध्ये शेतीपंपांसाठी एचव्हीडीएस योजना आणली, एक-दोन शेतकऱ्यांमागं एक छोटा ट्रान्सफॉर्मर, ती कल्पना हीच. खर्च जास्त, पण लघुदाबाच्या (कमी व्होल्टेजच्या) लांबलचक तारा जातात, गळती कमी होते आणि आकडा टाकायला जागा उरत नाही.

न्यू मिलफर्ड सोडलं की रस्ता हाउसाटोनिक नदीला येऊन मिळतो. तिथं रस्त्याच्या काठालाच रॉकी रिव्हरचं वीजघर आहे आणि डोंगरावरून त्यात उतरणारा जाडजूड पाइप. वर कँडलवूड तलाव. कनेटिकटमधला हा सर्वांत मोठा तलाव, आणि तो नैसर्गिक नाही. १९२८च्या सुमारास खोरं बुडवून तो तयार केला आणि नदीचं पाणी पंपानं २०० फुटांहून जास्त उंच चढवून त्यात भरलं. मागणी नसताना पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. आपल्या घाटघर प्रकल्पाचं तत्त्व हेच. घाटघर सुरू झालं २००८ मध्ये. अमेरिकेतला या जातीचा पहिला मोठा प्रकल्प हा, आणि आमच्या पुढच्या-मागच्या गाड्यांतलं कुणीही मान वर करून बघत नव्हतं. तलावाकाठी आता लोक बोटी फिरवतात.

केंट, कॉर्नवॉल हा टप्पा पानवाल्यांचा. तो खरंच सुंदर आहे, पण त्याचे फोटो तुम्ही भरपूर बघितले असतील. वेस्ट कॉर्नवॉलच्या लाकडी पुलावर एका वेळी एकाच बाजूची गाडी जाते आणि सगळे न भांडता थांबतात, एवढं सांगून पुढं जातो.

ग्रेट बॅरिंग्टन. मॅसॅच्युसेट्समधलं छोटंसं गाव. सात नंबर इथं गावाचा मेन स्ट्रीट होऊन जातो. दोन्ही बाजूंना विटांच्या जुन्या इमारती, कॉफीची दुकानं, पुस्तकांची दुकानं. २० मार्च १८८६ रोजी याच रस्त्यावरच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत विल्यम स्टॅन्ली नावाच्या माणसानं एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज ट्रान्सफॉर्मरमधून कमी व्होल्टेजला उतरवून दिवे लावून दाखवले.

थोडं मागं जाऊन सांगतो. १८८२ मध्ये एडिसननं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटला वीजघर काढलं, ते डीसीचं, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेचं. व्होल्टेज शंभराच्या थोडं वर, त्यामुळे करंट भरमसाट, तांब्याच्या तारा जाडजूड, आणि मैलभरापलीकडे वीज पोचवणं परवडेना. म्हणजे दर मैलाला एक वीजघर हवं. उपाय एकच होता, व्होल्टेज चढवून न्यायचं आणि घराशी उतरवायचं. ते डीसीला तेव्हा जमत नव्हतं, एसीला जमत होतं. युरोपात गोलार आणि गिब्ज यांनी, मग १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या तिघा अभियंत्यांनी ट्रान्सफॉर्मर केले होते, तेव्हा सगळं श्रेय स्टॅन्लीला देणं बरोबर नाही. पण उद्योगपती वेस्टिंगहाउसच्या पैशावर, प्रकृती बिघडल्यामुळे लहानपणच्या गावी येऊन राहिलेल्या स्टॅन्लीनं ते व्यवहारात उतरवलं. गावाच्या टोकाला रबराच्या बंद गिरणीत वाफेचं इंजिन आणि ५०० व्होल्टचा जनरेटर बसवला. मेन स्ट्रीटच्या एल्म झाडांवरून तारा ओढल्या. इमारतींच्या तळघरांत ट्रान्सफॉर्मर ठेवून ५०० चे १०० व्होल्ट केले. झाडांवरून तारा ओढल्याचं वाचून मला हसू आलं. आमच्याकडे कुणी तसं केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

रस्त्यावर त्याची पाटी आहे. पाटीसमोर उभं राहून मी एवढा वेळ वाचत बसलो, की ही कॉफी पिऊन, मेणबत्त्या विकत घेऊन परत आली. ज्या साध्या मेन स्ट्रीटवर हे घडलं तिथून जगातल्या प्रत्येक डीपीची वंशावळ सुरू होते, हे तिला पटवायचा मी प्रयत्न केला. ती म्हणाली, "मग फोटो काढू का तुमचा?" काढला. गंमत म्हणजे न्यू जर्सीतली निम्मी मराठी मंडळी एडिसन नावाच्या गावात राहतात आणि बल्ब लावतात तो मात्र स्टॅन्लीच्या पद्धतीच्या विजेवर.

स्टॉकब्रिजला सगळे चित्रकार नॉर्मन रॉकवेलचं संग्रहालय बघतात. आम्हीही बघितलं. छान आहे.

पिट्सफिल्डला मात्र माझा चेहरा उतरला. स्टॅन्लीनं आपला कारखाना इथं काढला, १९०३ मध्ये तो जनरल इलेक्ट्रिककडे गेला आणि हे गाव ट्रान्सफॉर्मरची राजधानी झालं. हजारो माणसं कामाला होती. ट्रान्सफॉर्मर आकाशातल्या विजेच्या धक्क्याला टिकतो का हे तपासायला इथल्या प्रयोगशाळेत कृत्रिम वीज पाडायचे. आता कारखाना गेला, त्या जागेवरच्या उद्योग वसाहतीला स्टॅन्लीचं नाव दिलं आहे आणि बरीच जागा मोकळी आहे. त्याहून वाईट म्हणजे पीसीबी नावाचं विषारी रसायन. ट्रान्सफॉर्मरमधलं खनिज तेल पेट घेतं, म्हणून न पेटणारं द्रव म्हणून पीसीबी वापरायचे. इथं १९३२ ते १९७७ असं ते वापरात होतं आणि मातीत, नदीत झिरपत राहिलं. पीसीबी कुजत नाही, माशांच्या चरबीत साठतं. अमेरिकेनं १९७९ मध्ये त्याच्या उत्पादनावर बंदी आणली, पण हाउसाटोनिकचे मासे खाऊ नका हा इशारा अजून आहे. नदीतला गाळ काढून तो शेजारच्या ली गावात पुरायचा, यावरून तिथले लोक भांडताहेत. आम्ही आदल्या दिवशी जिच्या काठानं 'काय स्वच्छ पाणी आहे' म्हणत आलो, ती हीच नदी. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचे नमुने काढताना आयुष्यभर कोपरापर्यंत हात बरबटलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटत नाही.

व्हरमाँटमध्ये शिरलं की काहीतरी कमी आहे असं वाटतं. मग लक्षात येतं, जाहिरातींचे फलक नाहीत. १९६८ च्या कायद्यानं ते बंद केले. बेनिंग्टनला ३०६ फुटी दगडी मनोरा लांबूनच दिसतो. तो १७७७ च्या लढाईच्या स्मरणार्थ, आणि लढाई झाली होती पलीकडे, न्यूयॉर्क राज्याच्या हद्दीत! रटलंडला मुक्काम केला, लेकीनं बांधून घेतलेल्या दशम्या तिथं संपवल्या.

दुसऱ्या दिवशी ब्रँडन. या गावाजवळच्या फॉरेस्टडेलला थॉमस डेव्हनपोर्ट नावाचा लोहार होता. शाळा बेताचीच. शँप्लेन सरोवरापलीकडच्या एका लोखंडाच्या कारखान्यात खनिज वेगळं करायला विद्युतचुंबक वापरतात असं कळल्यावर तो बघायला गेला आणि पदरचं विकून ते चुंबक घेऊनच आला. तारेवर गुंडाळायला रेशीम हवं होतं, तर बायकोनं, एमिलीनं, आपला लग्नाचा रेशमी पोशाख फाडून पट्ट्या दिल्या असं सांगतात. १८३४ मध्ये त्याची मोटर फिरली, १८३७ मध्ये अमेरिकेतलं विजेच्या मोटरचं पहिलं पेटंट त्याला मिळालं, क्रमांक १३२. पण तेव्हा वीज मिळायची ती बॅटरीची, आणि बॅटरीतलं जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. गिऱ्हाईक मिळालं नाही, तो कर्जबाजारी झाला आणि १८५१ मध्ये गेला. स्टॅन्लीचे दिवे लागायला अजून पस्तीस वर्षं होती. माझ्या मते या रस्त्यावर पुतळा उभारावा तर एमिलीचा. हिनं याला ताबडतोब अनुमोदन दिलं.

मिडलबरी मागं टाकून बर्लिंग्टनला पोचलो. या शहराचं वीज खातं गावाच्याच मालकीचं आहे आणि २०१४ पासून ते सांगतात की आमची सगळी वीज नवीकरणीय. त्यातला मोठा भाग लाकडाच्या चिप्सवर चालणाऱ्या ५० मेगावॉटच्या संचातून येतो. चिमणी आहे, धूर आहे, आणि लाकूड जाळलेलं नवीकरणीय धरायचं का यावर तिथंही वाद आहेत. मी कोळशाच्या राज्यातला माणूस, त्यामुळे मी बोलणं शोभत नाही, पण हिशोब मला थोडा सैल वाटला. विनूस्की नदीचा पूल ओलांडताना मात्र धबधब्याला खेटून बसलेलं छोटं जलविद्युत केंद्र दिसतं, साडेसात मेगावॉटच्या आतलं. त्याच्यावर माझा जीव जडला.

शेवट हायगेटला. या गावात बॅक-टू-बॅक एचव्हीडीसी केंद्र, म्हणजे दोन ग्रिड (वीजजाळी) डीसीमार्फत जोडणारं केंद्र, आहे, २०० मेगावॉटचं, १९८५ पासूनचं. कॅनडातल्या क्यूबेकचं ग्रिड आणि अमेरिकेच्या पूर्वेचं ग्रिड, दोन्हीकडे ६० हर्ट्झच, पण दोघांचा ताल एक नाही. सरळ जोडले तर स्फोटच. म्हणून क्यूबेककडची एसी वीज घ्यायची, तिची डीसी करायची आणि त्याच आवारात पुन्हा अमेरिकेच्या तालाची एसी करायची. आपल्या भद्रावतीला हेच होतं, पश्चिम आणि दक्षिण ग्रिडच्या मध्ये, १००० मेगावॉटचं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण ग्रिड आपल्याशी एकतालात आलं, तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. मी स्वतः काही वर्षं पडघ्याला होतो, चंद्रपूरहून येणाऱ्या डीसी वाहिनीच्या टोकाला. त्यामुळे हायगेट हे नाव मला माहेरच्या गावासारखं.

आत जाता येत नाही. कुंपणाबाहेर थांबून फोटो काढावा म्हटलं तर जावई घाबरला. "बाबा, सीमा जवळ आहे, व्हिसावर आहोत, सबस्टेशनचे फोटो नको." त्याचंही बरोबर. ज्या रस्त्यावर स्टॅन्लीनं डीसीला हरवलं, त्याच रस्त्याच्या टोकाला डीसीशिवाय काम भागत नाही, हे मी गाडीतल्या तिघांना समजावून सांगितलं. लेक झोपली होती.

पुढं सात नंबर ८९ महामार्गाला मिळून संपतो. कॅनडाचा व्हिसा कुणाकडेच नव्हता, तेव्हा परत फिरलो. जाताना माझ्या घाईपायी शेलबर्न सोडलं होतं, म्हणून येताना हिच्या हट्टानं तिथल्या संग्रहालयात गेलो. सात नंबरच्या कडेलाच, हिरवळीवर, पाण्यापासून लांब एक २२० फुटी आगबोट उभी आहे. टायकाँडेरोगा, १९०६ सालची. १९५४-५५च्या हिवाळ्यात ती रुळांवरून जमिनीवरून दोन मैल ओढत आणली. ही बोटीवर वरखाली तासभर फिरली आणि म्हणाली, अख्ख्या रस्त्यावर बघण्यासारखं हे. मी बोटीचा डायनॅमो कुठाय ते विचारायला खाली गेलो होतो.