अश्वशक्ती : निरंक

कागदावर प्रकरण अगदी सरळ होतं. गावाच्या पाणीपुरवठा विहिरीपासून १८० मीटरवर एका शेतकऱ्याचा बोअर, त्यात साडेसात अश्वशक्तीची मोटार, वर सहा वर्षांची मोसंबीची बाग. विहिरीने एप्रिलमध्येच तळ दाखवला होता. ग्रामसभेचा ठराव झाला, खाली सह्या आणि अंगठे, आणि आमच्या कार्यालयाला पत्र आलं : 'तांत्रिक अभिप्राय तात्काळ सादर करावा.' साल २०१६. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तोच उन्हाळा. हे गावही तिकडचंच, बालाघाटाच्या पठारावरचं.

मी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत भूवैज्ञानिक आहे. लोकांच्या लेखी आम्ही म्हणजे सरकारी पाणाडे. फरक इतकाच की पाणाड्याच्या हातावरचा नारळ उभा राहतो आणि आमचं मशीन नुसतं आकडे दाखवतं, त्यामुळे मान त्याला जास्त. प्रत्यक्षात आमचं बरंचसं आयुष्य विहिरीत टेप सोडण्यात जातं. जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा सरताना, अशी वर्षातून चारदा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी घ्यायची. शिवाय २००९चा भूजल अधिनियम १ जून २०१४ पासून लागू आहे, त्याखाली पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ ५०० मीटरच्या आत उपसा झाला की तक्रार फिरून आमच्याकडे येते. आम्ही फक्त अभिप्राय द्यायचा. मोटार बंद करायची की नाही, हे ठरवणारे दुसरे.

त्यांनी ते ठरवूनही टाकलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा बागेतल्या बोअरची वीज तोडलेली होती. अभिप्राय मागवणारं पत्र आणि वीज तोडायचा आदेश एकाच तारखेचे. आता या बोअरमुळे विहीर आटते की नाही हे पाहायचं, तर बोअर चालवून पाहावा लागतो. म्हणजे एका रात्रीपुरती वीज जोडून द्या म्हणून आधी फोन, मग पत्र, मग वायरमनची मनधरणी. जेवणाची वेळ त्यातच टळली.

दुपारी विहीर बघून घेतली. विहीर वाचायची तर आरसा लागतो, आणि आरसा धरणं ही आमच्या मदतनीस मामांची मक्तेदारी. काठावर उभं राहून ते कवडसा असा उतरवतात की कडेचा प्रत्येक थर नीट दिसावा. वर दीड-दोन मीटर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे पांढरे ठिपके असलेला, पोकळ्यांचा, कुदळीने फुटणारा दगड. तळाशी, तेरा मीटरच्या आसपास, लाल मातीचा पट्टा. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये भाजून निघालेली ही माती चिकट असते, पाण्याला सहसा खाली जाऊ देत नाही. त्याखाली काळा पाषाण. राज्याचा चार-पंचमांशापेक्षा जास्त भाग याच दगडावर बसलाय, त्यामुळे आमच्याकडे पाणी समुद्रासारखं पसरलेलं नसतं, थराथरात आणि भेगाभेगांत अडकलेलं असतं. एकाच शेतात दोन बोअर मारले तर एक चालतो आणि दुसऱ्यातून नुसता फुफाटा उडतो, तो यामुळेच.

त्या विहिरीत मांजऱ्याच्या बुडाला ओल चमकत होती. पाझर बारीक होता, पण जिवंत होता. मामा म्हणाले, "एवढा पाझर असताना रात्रीतून हातभर तरी पाणी चढायला पाहिजे, साहेब." सरपंचांच्या म्हणण्याप्रमाणे वीतभरसुद्धा चढत नव्हतं.

त्या आठवड्यात शेतीच्या थ्री फेजची पाळी रात्री बारापासून होती. गावाची मोटार संध्याकाळीच बंद करायला लावली. विहिरीच्या कठड्यावर रंगाने मापनबिंदू काढला. स्टीलच्या टेपेच्या शेवटच्या मीटरला खडू फासायचा, टेप पाण्यात थोडी बुडवायची, वर काढून खडू कुठवर भिजला ते बॅटरीच्या उजेडात वाचायचं. हल्ली सेन्सरवाली उपकरणं आहेत, पण खडू कधी खोटं बोलत नाही आणि त्याला सेलही लागत नाहीत. बाराला लाईट आली, बागेतली मोटार सुरू झाली, आणि आम्ही वाचनं घ्यायला लागलो : पहिली दहा मिनिटं लागोपाठ, मग पाच-पाच मिनिटांनी, मग पंधरा, मग अर्ध्या तासाने. आजूबाजूला पंधरावीस माणसं जमली होती. त्यांना पातळी उतरताना पाहायची होती.

ती उतरली नाही. चार तासांत सेंटिमीटरभरही हलली नाही.

बागवाला शेतकरी बांधावर बसून होता. पन्नाशीचा माणूस. मी त्याला बोअरच्या केसिंगबद्दल, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून वरच्या भागात उतरवतात त्या पाइपाबद्दल, विचारलं. "ऐंशी फूट टाकलंय. गाडीवाला म्हणला, लाल माती लागली, ढासळंल. लई जीवावर आलं होतं पैसे द्यायला." आमच्या भागात वीस-तीस फूट केसिंग टाकून भागवतात. याने लाल पट्टा ओलांडून पाइप उतरवला होता, म्हणून वरच्या थरातलं पाणी त्याच्या बोअरला लागतच नव्हतं. त्याची मोटार ओढत होती ते खाली, चारशे फुटांवरच्या भेगांतलं पाणी. जमलेल्यांना हे समजावून सांगितलं, तेव्हा एकजण पुरेशा मोठ्या आवाजात म्हणाला, "साहेबाची सोय झालेली दिसतीय." या खात्यात इतकी वर्षं काढल्यावर असल्या वाक्यांना उत्तर देत नाही मी.

पण मग पाणी चढत का नव्हतं?

साडेचारच्या सुमारास लाईट गेली. शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम गप्प झाल्या. मी विहिरीपासून चाळीसेक मीटरवर, शाळेच्या कुंपणालगत एका फरशीवर टेकलो होतो. खालून आवाज यायला लागला. बारीक, पण सलग. फरशी सरकवली तर खाली सहा इंची पाइपाचं तोंड. २०१३च्या दुष्काळात पंचायतीने हातपंपासाठी घेतलेला बोअर, दोनशे फूट, कोरडा गेलेला. पंप बसलाच नाही. सोडून दिलेले बोअर तळापासून जमिनीपर्यंत बुजवा, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०१० पासूनचे निर्देश आहेत, लहान मुलं आत पडतात म्हणून. इथे नुसती फरशी टाकून भागवलं होतं. मुलाच्या जिवाला तेवढं पुरतं. पाणी फरशीला जुमानत नाही.

टेप सोडली. पाणी लागलं अठ्ठेचाळीस मीटरवर. पण टेप वर घेताना ती दहा मीटरपासूनच चिंब भिजलेली होती. मामांनी ती बोटांनी निपटून दाखवली तेव्हा सरपंचांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

झालं होतं असं. त्या बोअरला केसिंग फक्त वीस फूट. त्याखाली मांजऱ्या उघडा. ज्या पाझरावर गावाची विहीर भरायची, त्यातला बराचसा पाझर या भोकातून लाल पट्टा ओलांडून थेट खालच्या रिकाम्या भेगांत पडत होता, रात्रंदिवस, मोटारीविना, वीजबिलाविना. नेमकं किती, ते मोजायची सोय नव्हती. मिनिटाला पाच-सात लिटर धरले तरी दिवसाला एक छोटा टँकर होतो. आणि गावात टँकर येत होता, एक दिवसाआड.

अभिप्राय लिहायला बसलो तेव्हा प्रपत्राने अडवलं. उपसा करणाऱ्या स्रोताचा मालक : ग्रामपंचायत, म्हणजे तक्रारदारच. पंपाची अश्वशक्ती : निरंक. दैनंदिन उपसा : हा तर उपसाच नव्हे. प्रपत्र बनवणाऱ्याच्या डोक्यात पाणी नेहमी वर खेचलं जातं. ते खाली सांडतं हे त्याच्या गावीही नसावं. मी वेगळं पान जोडलं. जोडपानं कोण वाचतं हा प्रश्न अलाहिदा.

बोअर मात्र गावाने आठवड्याभरात बुजवला, हे मान्य करायला हवं. पाव ट्रॉली खडी खालपासून सतरा मीटरपर्यंत, त्यावर चिकणमातीचे गोळे मुसळासारख्या पाइपाने ठासून, आणि वर सिमेंटची लापशी. नुसती माती लोटू नका, लाल पट्ट्याच्या जागी पक्का बूच बसला पाहिजे, हे मी चारदा सांगितलं, आणि मामा शेवटपर्यंत तिथे उभे राहिले. विहिरीची पातळी त्यानंतर किती चढते, यावर सगळा निकाल होता. ती मोजायची आणि पाऊस पडायचा एकच गाठ पडली. त्या वर्षी मराठवाड्यात पावसाने भरभरून दिलं. विहीर भरली. आमच्या बुचामुळे की पावसामुळे, ते विहिरीला विचारून कळत नाही.

बागेची वीज पावसाळा लागल्यावर जोडली गेली. तोवर त्याची बरीच झाडं वाळली होती. अभिप्रायात मी लिहिलं होतं : 'सदर बोअरच्या उपशाचा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतावर प्रत्यक्ष परिणाम आढळून आला नाही.' चार तासांच्या चाचणीवर हे वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि माझं अडलंय ते इथेच. पंचायतीच्या भोकातून पडणारं पाणी खाली जिरत होतं, कारण खालच्या भेगा रिकाम्या होत्या. त्या कुणी रिकाम्या केल्या? शिवारातल्या त्या सगळ्या चारशे-पाचशे फुटी बोअरांनी, ज्यांत त्याचाही एक आणि ठरावावर सही करणाऱ्यांचेही कितीतरी. खालचा थर भरलेला असता तर कोरडा बोअर पाण्याने उभा राहिला असता आणि पाझर विहिरीतच गेला असता. चार तासांत तो निर्दोष. सहा वर्षांचा हिशेब मांडला तर सगळ्यांबरोबर भागीदार. वर्षांची चाचणी घ्यायची पद्धत आमच्याकडे नाही, आणि झाडं वाळली ती त्याच्या एकट्याची.

पुढच्या उन्हाळ्याआधी तो कार्यालयात आला. उरलेल्या झाडांसाठी नवा बोअर घ्यायचा होता, जागा दाखवा म्हणाला. जागा त्याने आधीच हेरली होती, पाणाड्याकडून. मोजणी केली, विहिरीपासून अंतर ५४० मीटर भरलं. अंतराच्या नियमात बसत होतं. मी म्हटलं, "काका, केसिंग लाल मातीच्या खालपर्यंत घाला." तो म्हणाला, "ते आता मी गावाला सांगतो, साहेब. तुम्ही फक्त पाणी किती फुटावर लागंल ते सांगा."