नं. 32 स्कोपमधली बुरशी निघाली, चवथीआधीचा अपडेट

मागे सांगितलं होतं ना, ली-एनफिल्ड नं. 4 (टी) या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश स्नायपर रायफलवरचा नं. 32 मार्क 1 स्कोप (नेम धरायची दुर्बीण) मिळालाय पण आत धुकं दिसतंय, तर ते धुकं नव्हतंच, बुरशी होती. चूक माझी. गेल्या पावसाळ्यात तो चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवला, आणि आमच्या म्हापशाच्या हवेत चामडं ओल धरून बसतं हे कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या शेजारच्या काकांनी आधीच बजावलं होतं.

मागची रिंग सोडवायला तीन रात्री गेल्या. आधीच्या मालकाने पक्कड लावून खाचा पार झिजवलेल्या, म्हणून रोज एक थेंब ऑइल, बरोबर मापाचा लेन्स स्पॅनर आणि जोर अजिबात नाही. भिंग उजेडात धरलं तर कडेकडून मध्यभागी तंतू पसरलेले. एक तंतू इतका सरळ होता की वाटलं रेटिकलची, म्हणजे आतल्या नेम धरायच्या खुणेची, आडवी तारच तुटून लोंबतेय, पोटात गोळा आला, कारण यात एक टोकदार खांब आणि ती तार एवढंच असतं. तार शाबूत आहे! तिकडे हात लावलाच नाही, फक्त ब्लोअरची हवा, तीही लांबून.

टिश्यूवर हायड्रोजन पेरॉक्साईडचा थेंब, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस फिरवायचा मधून बाहेर. जोडभिंग कधीच बुडवू नका, त्या काळी ती कॅनडा बाल्समने चिकटवायचे, कडेने द्रव शिरला की जोड सुटायला लागतो. दोन ठिकाणी बुरशीने काच खाल्लीय, ते डाग आता राहणार, पॉलिश करणार नाही मी.

रेंज ड्रमला (अंतर लावायच्या फिरत्या बटणाला) 1000 यार्डांपर्यंत आकडे, मार्क 1 मध्ये प्रत्येक क्लिक 50 यार्डांचा. जुनं ग्रीस गोंद झालं होतं, ते काढल्यावर पहिला क्लिक ऐकू आला तेव्हा बायकोला हाक मारून ऐकवला. मूळ डिझाइन ब्रेन या हलक्या मशीनगनसाठीचं, दणकट असणारच.

नळीवर ओ. एस. 466 ए ही मार्क 1 ची खूण स्पष्ट वाचता येतेय, सिरियल नंबरही. हाच नंबर रायफलच्या दस्त्यावर ठोकायचे, म्हणजे याची जोडीदार कुठेतरी असेल किंवा कधीच वितळवली असेल. वाईट वाटतं. नंबर वहीत लिहून ठेवलाय.

आता स्कोप हवाबंद डब्यात. जूनमध्ये निळी सिलिका जेल चार दिवसांत गुलाबी होत होती, वेगळ्या ठेवलेल्या तव्यावर मंद आचेवर तापवून परत निळी करतो. काल पाऊस उघडला तेव्हा पणजीला नदीकाठी नेला, 3 पटच दिसतं, पण पलीकडच्या रेईश मागुशच्या किल्ल्याच्या भिंतीवरचं शेवाळ वेगळं ओळखू येत होतं.

स्कोप रायफलवर बसवायचं ब्रॅकेट अजून मिळालेलं नाही.